नायट्रोजनचा आकडा आणि दूध भुकटीतील मेलामाईन

दूध भुकटीत प्रथिने किती आहेत हे ठरवण्याची जी पद्धत जगभर प्रमाण मानली जाते, तिच्यात प्रथिने थेट मोजलीच जात नाहीत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ती मांडली, आणि तीही दुधासाठी नव्हे, तर बिअरच्या धंद्याला लागणाऱ्या धान्यासाठी. नमुना संहत सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचे अमोनियम क्षारात रूपांतर होऊ द्यायचे, मग अल्कली घालून सुटणारा अमोनिया ऊर्ध्वपातनाने गोळा करायचा आणि अनुमापनाने मोजायचा, अशी तिची रीत आहे. आलेल्या नायट्रोजनला दुधाच्या बाबतीत ६.३८ ने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत काम करताना हा गुणाकार आम्ही इतक्या सवयीने करत असू की त्यामागे एक गृहीतक आहे, याचा विसर पडे. ते गृहीतक असे की, नमुन्यातला जवळजवळ सगळा नायट्रोजन दुधाच्या प्रथिनांतूनच आलेला आहे.

चीनमध्ये २००८ साली उघडकीस आलेली भेसळ नेमकी या गृहीतकावर उभी होती. मेलामाईन हे प्लास्टिकच्या उद्योगातले रसायन असून त्याच्या वजनाचा सुमारे ६६.६ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. एक लिटर दुधात एक ग्रॅम मेलामाईन मिसळले, तर केल्डाल पद्धतीने त्या दुधातील प्रथिने सुमारे ०.४ टक्के-बिंदूंनी वाढल्याचे दिसते. म्हणजे पाणी घालून पातळ केलेले दूध पुन्हा खरेदीच्या निकषात बसवता येते. मेलामाईन आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारी भुकटी) यांचे मिश्रण तिथे ‘प्रोटीन पावडर’ म्हणून चक्क विकले जात होते.

हपै प्रांतातील शिज्याच्वांग येथील सानलू या कंपनीच्या शिशुआहारात किलोमागे २,५६३ मिलिग्रॅमपर्यंत मेलामाईन सापडले, आणि पुढच्या तपासणीत एकूण २२ कंपन्यांच्या भुकटीत ते आढळले. सरकारी आकड्यांनुसार सुमारे तीन लाख बालके बाधित झाली आणि सहा दगावली. तान्ह्या मुलांच्या लघवीत यूरिक आम्लाचे प्रमाण अधिक असते. त्याच्याशी मेलामाईनचा संयोग होऊन मूतखडे तयार होत आणि मूत्रपिंडे निकामी होत. तक्रारी २००७ च्या अखेरीपासून येत होत्या, तरी माल परत मागवल्याचे जाहीर झाले ते ११ सप्टेंबर २००८ रोजी. सानलूच्या उत्पादनांना तोवर सरकारी तपासणीतून सूट होती, हे वाचून मला आजही चीड येते. भारताने त्याच महिन्यात चिनी दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर बंदी घातली.

ही भेसळ पकडण्याचे शास्त्र तेव्हा उपलब्ध नव्हते, असे अनेकदा सुचवले जाते. मला ते पटत नाही. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घातले की दुधातील प्रथिने साक्याच्या रूपात खाली बसतात आणि युरिया, मेलामाईन यांसारखे लहान रेणू वरच्या द्रावणात राहतात. त्या द्रावणातील नायट्रोजन वेगळा मोजला की प्रथिनेतर नायट्रोजन समजतो. चांगल्या दुधात तो एकूण नायट्रोजनच्या पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्याहून बराच जास्त आला तर काहीतरी मिसळले आहे हे रसायनाचे नाव ठाऊक नसतानाही कळते. ही पायरी दुग्धरसायनशास्त्रात जुनीच आहे. तिला वेळ आणि मनुष्यबळ अधिक लागते, एवढीच तिची अडचण. शिवाय त्याआधीच्याच वर्षी, २००७ मध्ये, चीनहून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाईन सापडले होते आणि ते घातलेले खाद्य खाऊन तिथली पाळीव कुत्री-मांजरे मेली होती, त्यामुळे नावही अज्ञात राहिले नव्हते.

आपल्याकडे संकलन केंद्रावर दूध फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता उरणारे घन पदार्थ) यांवर घेतले जाते, म्हणून भेसळही हेच दोन आकडे सांभाळणारी असते: साखर, मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन, युरिया. यांपैकी युरिया दुधात मुळातच थोडा असल्यामुळे त्याच्यासाठी ‘आहे की नाही’ ही चाचणी पुरत नाही, आणि नियमात दशलक्ष भागांत ७०० ही मर्यादा घालावी लागली आहे.

मेलामाईनसाठीही शून्याची अट घालता येत नाही. घरोघरच्या न फुटणाऱ्या ताटल्या मेलामाईनच्या रेझिनपासूनच बनतात आणि त्यातून, किंवा सायरोमाझिन नावाच्या कीटकनाशकाच्या विघटनातून, अत्यल्प अंश अन्नात येऊ शकतो. म्हणून अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्सने २०१० मध्ये शिशुआहाराच्या भुकटीसाठी किलोमागे १ मिलिग्रॅम आणि इतर अन्नासाठी २.५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा ठरवली.

एवढे सूक्ष्म प्रमाण शोधताना भुकटीतले मेलामाईन आम्लयुक्त द्रावणात उतरवून घेतात, प्रथिने सेंट्रिफ्यूजने काढून टाकतात, धनायन-विनिमय स्तंभातून अर्क स्वच्छ करतात आणि मग घटक वेगळे करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या वस्तुमान वर्णपटमापकात (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात) सोडतात. सुरुवातीलाच नमुन्यात जड समस्थानिकांनी बनवलेले मेलामाईन ठरावीक प्रमाणात घातलेले असते, त्यामुळे वाटेत किती अंश गळाला याचा हिशेब शेवटी लावता येतो.

तपासणीचा अहवाल हाती आला की मी निष्कर्षाच्या आधी पद्धत पाहते. चीनने २००८ मध्येच काढलेल्या मानकात साध्या द्रव क्रोमॅटोग्राफीची परिमाणन मर्यादा, म्हणजे खात्रीने मोजता येणारे किमान प्रमाण, किलोमागे २ मिलिग्रॅम आहे, तर वस्तुमान वर्णपटमापक जोडल्यावर ती ०.०१ पर्यंत खाली येते. पहिल्या पद्धतीने तपासलेल्या शिशुआहाराच्या डब्यावर ‘मेलामाईन आढळले नाही’ असा शेरा मिळाला, तरी त्यात १ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा अधिक मेलामाईन असू शकते, आणि तो शेरा लिहिणाऱ्याने खोटे काहीच लिहिलेले नसते.