दोन थेंब फॉर्मेलिन

दुधाच्या नमुन्यासोबत आलेल्या टिपणात फूड इन्स्पेक्टरने लिहिलं होतं, 'भर उन्हात संध्याकाळपर्यंत दूध नासलं नाही. फॉर्मेलिनचा संशय.' त्याखाली त्याच पेनाने, 'नियमानुसार फॉर्मेलिन घातले आहे.'

प्रयोगशाळेत मी टिपण दोनदा वाचलं. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, विषारी, पण दूध नासू न देणारं.

तेव्हा भेसळ प्रतिबंधक कायदा लागू होता. 1955 च्या नियमांप्रमाणे तपासणीच्या दुधात 25 मिलीला 0.1 मिली, म्हणजे दोन थेंब फॉर्मेलिन घालायचं, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते टिकावं म्हणून. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढायला ही सोय उत्तम. पण विकायच्या दुधात तेच फॉर्मेलिन निषिद्ध! इंग्लंडने तर 1912 मध्येच दुधात कुठलंही परिरक्षक घालायला बंदी केली. विषाची भीती होतीच, पण शिळं दूध आंबून स्वतःच ओरडून सांगतं, ती ओरड बंद पाडली जाते, हा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो.

तरीही फॉर्मेलिन ओळखणारी हेनर टेस्ट लावली. परीक्षानळीत दूध, आणि कडेने हळूहळू सोडलेलं, फेरिक क्लोराइडचा लवलेश असलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. हात हलला की थर मिसळतात आणि सगळं करपून तपकिरी होतं. माझा हात हलत नाही. शुद्ध दुधाच्या नळीत फिकट हिरवट छटा, या नळीत सुरेख जांभळं कडं. पण कुणाच्या फॉर्मेलिनचं?

प्रमाण मोजून वजाबाकी करावी म्हटलं, तर थेंब ड्रॉपरच्या तोंडाप्रमाणे लहानमोठा. शिवाय फॉर्मेलिन दुधातल्या प्रथिनांना धरून बसतं, जितके दिवस जातील तितकं कमी हाती लागतं. अशा आकड्याचा कोर्टात पाच मिनिटांत चुरा झाला असता.

इन्स्पेक्टरला बोलावलं. "मॅडम, थेंब घातले नसते तर फाटलेलं दूध पाठवलं म्हणून तुम्हीच ओरडला असता," तो म्हणाला. खोटं नव्हतं. माणूस प्रामाणिक होता, टिपणात संशय लिहायची तसदी तरी कितीजण घेतात? पण बर्फात ठेवलेली, काही न घातलेली एखादी वेगळी बाटली आणावी, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे सील कुठे लावायचं आणि सही कुठे करायची. नमुन्याचे तीन भाग केलेले असत; त्यातले उरलेले दोन तपासायचे, तर त्यांतही तेच थेंब.

फॅट बरोबर, एसएनएफ बरोबर. फॉर्मेलिनबद्दल मत देता येत नाही, असं मी अहवालात कारणासकट लिहिलं. "निदान 'संशयास्पद' तरी लिहा," तो म्हणाला. मी नाही लिहिलं. त्या विक्रेत्यावर खटला उभा राहिला नाही.