आज काटा खरा बोलला

गोल्फ क्लबचं स्विंगवेट, म्हणजे फिरवताना क्लबचं डोकं हाताला किती जड लागतं ते, मोजायला केलेला माझा काटा आठवडाभर छळत होता. तोच क्लब पाच वेळा ठेवला की पाच वेगळे आकडे! कधी डी१, कधी डी३ (डी१ ते डी२ म्हणजे एक पॉइंट).

आज सकाळी सगळं सुटं केलं. टेकू म्हणून मी गोल बोल्ट वापरला होता. भिंगातून पाहिलं तर त्यावर घासून चकाकलेला पट्टा दिसला. दांडी तिथेच अडकत होती. बोल्ट काढून कडक पोलादाची धार बसवली, कानशीने घासून सरळ केलेली. आता दांडीच्या टोकाला कागदाचा कपटा ठेवला तरी ती झुकते. ते बघत मी बराच वेळ नुसता बसून होतो.

दुसरी चूक माझ्या मोजण्यातली. ग्रिपचं टोक टेकूपासून १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी हवं. माझा अडसर २ मिमी सरकलेला होता. दोन मिमीने काय होतंय असं वाटेल, पण ड्रायव्हरला (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला) त्याने साधारण अर्ध्या पॉइंटचा फरक पडतो आणि जड आयर्नला (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबला) त्याहून जास्त. म्हणजे सेट जुळवताना चूकही सारखी नाही! क्लबच्या डोक्यावर जेमतेम २ ग्रॅम वाढवले की एक पॉइंट वाढतो, तिथे हे कसं चालेल?

संध्याकाळी तोच क्लब पाच वेळा ठेवला. पाचही वेळा डी२. खूप बरं वाटलं.

उद्या क्लबची लांबी मोजायची पट्टी करायला घेतो. तिचा ६० अंशांचा ठोकळा आधीच कापून ठेवलाय.