थोरोंग ला : दोन दिवस उशिरा

नेपाळच्या अन्नपूर्णा सर्किट या ट्रेकच्या वाटेवरून आम्ही पाच मित्र गेल्या ऑक्टोबरात जाऊन आलो. ठरवलं होतं आठव्या दिवशी थोरोंग ला ही 5416 मीटरची खिंड ओलांडायची, ओलांडली दहाव्या दिवशी. हे दोन दिवस का गेले ते आधी सांगतो, कारण या वाटेने जाणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडेल ते तेच आहे. फोटो तर सगळ्यांकडेच असतात.

काठमांडूहून बसने बेसीसहरला पोहोचेपर्यंत पहिला दिवस संपला. दुसऱ्या दिवशी जीपने थेट चामे (2670 मीटर) गाठायचं होतं. पण वाटेत दरड कोसळलेली, आणि जेसीबीवाला येईपर्यंत समोर चिखल बघत बसण्यावाचून इलाज नव्हता. रात्र धारापाणीला काढली. चाम्याला पोहोचलो तिसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे एक पूर्ण दिवस मागे. संध्याकाळी चुलीभोवती बसून हिशेब मांडला. परतीची विमानं ठरलेली, हातात जादा दिवस एकच, आणि तो शेवटाला लागला तर असू दे म्हणून कुणालाच मोडायचा नव्हता. मग वाटेतल्या मनांग गावी विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ठेवलेला विश्रांतीचा दिवस कापायचा असं ठरलं. आमच्यातला एक डॉक्टर आहे, पण दातांचा. तो एकटा म्हणाला, "हे बरोबर नाही." बाकी चौघांनी हात वर केले. सगळ्यात मोठ्याने वाद मीच घातला होता, हे इथे कबूल केलेलं बरं. "अरे, दर रविवारी गड चढतो आपण, एका दिवसाने काय होतंय!"

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. थोरोंग ला त्याच्या तिपटीहून जास्त उंच. सह्याद्रीत कमावलेली मांडी-पोटरी इथे चढायला उपयोगी पडते, पण विरळ हवेची सवय त्यातून लागत नाही. उलट दम चांगला असलेला माणूस भराभर वर जातो आणि लवकर गोत्यात येतो. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, आणि ते दिवस व्यायामाने विकत मिळत नाहीत. म्हणून 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करायचा, असा नियम आहे. आम्हाला तो पाठ होता.

चामे ते अप्पर पिसांग हा टप्पा सोपा. पिसांगच्या अलीकडे नदीपलीकडे पाउंगदा दांडा नावाची कातळाची प्रचंड वाकलेली भिंत दिसते, तिच्यासमोर पाच मिनिटं तरी थांबाच. पिसांगहून मनांगला जायला दोन वाटा आहेत. खालून रस्ता जातो, जीपची धूळ खात. वरची वाट घ्यारू आणि ङावलवरून जाते. ती घ्या. घ्यारूचा चढ जीव काढतो, पण वर पोहोचल्यावर अन्नपूर्णा दोन आणि गंगापूर्णा अशा समोर येतात की चहाचा कप तसाच हातात निवतो. शिवाय या वाटेने तुम्ही दिवसा 3700 च्या आसपास चढून रात्री मनांगला 3519 वर झोपता, तेही सवयीला चांगलंच. वेळ मात्र लागतो. आम्ही मनांगला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र सीझनमध्ये चालू असतं, दुपारी उंचीच्या आजारावर व्याख्यान असतं. ते संपलेलं होतं, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही निघालोही.

याक खर्क, 4018 मीटर. रात्री झोप नाही. उंचीवर तसं होतंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. सातव्या दिवशी दुपारी एकला खिंडीच्या पायथ्याशी थोरोंग फेदीला (साधारण 4500) पोहोचलो, तेव्हा कपाळामागे कुणीतरी पाचर ठोकत असल्यासारखं दुखत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. दिवस कापायला लावणारा मीच, आता काय तोंडाने सांगणार! गुपचूप एक पॅरासिटामॉल घेतली आणि पत्त्यांच्या डावात बसलो.

पकडलं डॉक्टरनेच. डाव उठल्यावर मी बाहेर जायला बुटांची नाडी बांधत होतो. एक फास घातला, दुसरा घालायला गेलो आणि पहिला सुटला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी नाडीची दोन टोकं हातात धरून नुसता बघत बसलो होतो, पुढे काय करायचं ते आठवेना. त्याने मला अंगणात नेलं आणि फरशीच्या रेघेवर टाचेला टाच लावून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला मी भिंत धरली. गाइड स्वयंपाकघरातून आला, माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "लेक लाग्यो." म्हणजे उंची लागली. नेपाळीत या आजाराला हेच म्हणतात. मग लगेच, "झोला भर्ने, तल जाने." बॅग भरा, खाली चला.

मी सकाळी बघू म्हणालो. गाइडने ऐकलं नाही आणि त्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं, यातलं काहीही दिसलं की त्या क्षणी खाली. रात्र मध्ये घालायची नाही, गोळीने बरं वाटतंय का याची वाट बघायची नाही. याक खर्क आणि फेदीच्या मध्ये दरडीचा पट्टा आहे, दगड सुटतात म्हणून तो सकाळी ओलांडतात. आम्ही तो चारनंतर ओलांडला. गाइड पुढे, मी मध्ये, डॉक्टर मागून माझ्या सॅकचा पट्टा धरून. वरून खडे घरंगळायचे तेव्हा गाइड हात वर करायचा आणि आम्ही जागच्या जागी थिजायचो. दीड तासात याक खर्क. तिथे रात्री डाळभात खाल्ला आणि चक्क दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसला.

आठवा दिवस तिथेच काढला. नवव्या दिवशी पुन्हा फेदी, दहाव्या दिवशी खिंड. मनांगला वाचवलेल्या एका दिवसाचे दोन झाले. तिघे मित्र वरती फेदीला थांबून कंटाळले होते. त्यातल्या एकाचं परतीचं विमान चुकलं आणि तिकिटाचे पैसे बुडाले. तो विषय अजून मिटलेला नाही.

तुम्ही जाणार असाल तर मनांगला दोन रात्री काढाच, आणि मधल्या दिवशी गंगापूर्णा तळ्यावरच्या टेकाडावर किंवा अंगात रग असेल तर 4600 मीटरच्या आइस लेकपर्यंत जाऊन परत या. शेवटाला दोन दिवस मोकळे ठेवा. डायमॉक्स ही उंचीच्या आजारावरची गोळी घ्यायची की नाही ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. तिने बोटांना मुंग्या येतात आणि रात्री चार वेळा उठावं लागतं. लसणाचं सूप सगळीकडे औषध म्हणून देतात. चवीला छान आहे, गरम गरम प्यावं, पण त्याच्या भरवशावर वर चढू नये. विमा काढताना पॉलिसी किती मीटरपर्यंत चालते आणि हेलिकॉप्टर धरलंय का, हे बारीक अक्षरात वाचा. आणि रोज रात्री प्रत्येकाने दुसऱ्याला विचारायचं : डोकं, भूक, झोप. स्वतःबद्दल माणूस खोटं बोलतो, मित्रांसमोर तर हमखास.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना आम्हाला सार्कच्या दराने 1000 नेपाळी रुपयांत मिळाला. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे 1.60. रोख बेसीसहरच्या आधीच काढून ठेवा.

खिंडीच्या दिवशी पहाटे चारला निघालो. लवकर निघायचं कारण वारा, तो सकाळ चढली की सुटतो. पाण्याच्या पिशवीची नळी अर्ध्या तासात गोठली, त्यामुळे साधी बाटली घ्या आणि ती उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो. मोबाइल आतल्या खिशात, अंगाशी. गाइड सारखा "बिस्तारै, बिस्तारै" (हळू, हळू) म्हणत होता आणि या खेपेला मी सगळ्यांच्या मागे होतो. आकाश स्वच्छ होतं. तसं नसतं तर आम्ही निघालोच नसतो. ऑक्टोबर 2014 मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषामुळे याच भागात एकाएकी बर्फाचं वादळ आलं आणि चाळीसहून जास्त माणसं गेली. बर्फ पडायला लागलं असेल तर फेदीतच पत्ते खेळत बसा.

वर पताका, एक पाटी आणि पाच मित्रांची मिठी. विमान चुकलेलाही होता त्यात. मग खरी परीक्षा उताराची. मुक्तिनाथपर्यंत 1600 मीटरहून जास्त उतार सलग, गुडघे बोलायला लागतात. काठ्या दोन घ्या, एकीने भागत नाही.

मुक्तिनाथला देवळामागे 108 गोमुखं आहेत, बर्फाचं पाणी. डॉक्टर सगळ्यांखालून धावत गेला. मी तिसऱ्यालाच बाहेर आलो आणि उन्हात दगडावर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. दोन्ही, पहिल्या फटक्यात.