सोळा साबण

आमच्या न्हाणीघरातल्या कपाटात सध्या सोळा साबण आहेत. घरात माणसं दोन. आल्यागेल्याला दाखवायला मी ते कपाट उघडत नाही, पण मनातून अभिमान आहे. त्या सोळांतले चार फुकटचे आहेत आणि उरलेल्या बारांवर कंपनीचं कूपन लागलेलं आहे.

‘तीनवर एक मोफत’ ही दुकानाची योजना आणि वर कंपनीची सूट, असं एकाच बिलात बसवता येतं हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. एका वस्तूवर एकच सवलत घ्यावी, दुसरी मागणं हावरटपणाचं, अशी आपली समजूत. पुढे कळलं की या दोन सवलती दोन वेगळ्या खिशांतून येतात. दुकानाच्या योजनेची झळ बहुतेक वेळा दुकान सोसतं. कंपनीचं कूपन मात्र दुकानदार गल्ल्यात ठेवतो आणि नंतर कंपनीकडून तेवढे पैसे वसूल करतो. मग मी का लाजायचं? अर्थात प्रत्येक दुकानाचे नियम निराळे, आणि कूपनाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘इतर कोणत्याही सवलतीसोबत लागू नाही’ असं छापलेलं असलं की खेळ तिथेच आटोपतो. म्हणून मी कूपन वाचते ते खालून वर.

खरी गंमत काउंटरवर. परवा माझ्याकडे दोन कूपनं होती: एक एकूण बिलावर २० टक्क्यांचं, दुसरं ठोक १०० कमी करणारं. बिल झालं बरोबर हजाराचं. (ते बरोबर हजाराचं व्हावं म्हणून मी आतल्या रांगांमधून तीन फेऱ्या मारल्या होत्या, ते सोडा.) आधी टक्के कापले तर ८००, त्यातून १०० गेले की ७००. आधी १०० कापले तर ९००, आणि त्याचे २० टक्के गेले की ७२०. म्हणून मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, “आधी टक्क्यांचं लाव गं, मग ठोक.” ती म्हणाली, “मॅडम, कुठलं आधी ते मशीनच ठरवतं.” मागे रांगेत कुणीतरी जोरात श्वास सोडला. मशीनने ७२० ठरवले. पिशव्या उचलून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ते वीसच वाजत होते. आधीचे २८० वाचले होते, त्यांची आठवण नाही.

आकड्यांशी अशी सलगी झाली की पाट्या वेगळ्याच दिसू लागतात. ‘दोनवर एक मोफत’ ऐकायला केवढं मोठं, पण पडते एक तृतीयांश सूट. ‘दुसऱ्यावर निम्मी किंमत’ म्हणजे दोन्ही मिळून फक्त पाव. २० टक्क्यांवर आणखी १० म्हणजे ३० नव्हे, २८. आणि मोठा पुडा स्वस्तच पडणार, यावर तर मुळीच विसंबू नये. किंमत भागिले वजन, एवढं मोबाइलवर करायला किती वेळ लागतो? कधी कधी छोटेच दोन पुडे परवडतात.

नवरा म्हणतो, एवढ्या वेळात तू काहीतरी कमावलं असतंस. त्याचं चूक नाही. कूपन ही एक चाळण आहे. भाव सगळ्यांसाठीच उतरवण्यापेक्षा, जो शोधेल, जपेल, लक्षात ठेवेल त्याच्यापुरता उतरवायचा. ज्याला सवड नाही तो पूर्ण किंमत देऊन जातो. मी चाळणीतून खाली पडणाऱ्यांतली.

पण सोळा साबणांचं काय? रिचर्ड थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी १९८५ मध्येच मांडून ठेवलंय की खरेदीत दोन वेगळी सुखं असतात: एक वस्तूचं, दुसरं सौद्याचं. वस्तू नको असली तरी दुसरं सुख मिळतंच. हे वाचल्यावर मी कपाट उघडून बघितलं. त्यातले निम्मे साबण ज्या वासाचे आहेत, तो वास आम्हा दोघांनाही आवडत नाही.

‘अमुक इतक्या खरेदीवरच लागू’ या अटीने तर मला कित्येकदा लोळवलंय. हद्द गाठायला थोडेच कमी पडतात, आणि ते थोडे भरून काढायला मी जे उचलते ते सवलतीहून महाग निघतं. पावतीच्या तळाशी ‘आज तुम्ही वाचवले’ असा ठळक आकडा असतो. आज मी उगाच किती घालवले, ते कोणी छापत नाही.

म्हणून आता एक करते. आधी यादी, मग कूपनं. यादीत नसलेल्या वस्तूचं कूपन कितीही देखणं असलं तरी घरीच राहतं. ‘कूपन’ हा शब्द मुळात फ्रेंचमधल्या ‘कापणे’वरून आला म्हणतात. हल्ली बहुतेक ठिकाणी नुसता कोड असतो, कात्री लागत नाही, पण कागदी कूपनांचा एक गठ्ठा माझ्या खणात अजून आहे. त्यातल्या बऱ्याच जणांची मुदत केव्हाच उलटून गेली. टाकवत नाहीत. कागद जाड आहे, पाठ कोरी आहे, आणि यादी लिहायला अगदी बेताच्या आकाराची. कालच्या यादीत सगळ्यात वर लिहिलंय: साबण नको.