आधी साधन तपासा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागवताना संपादक मंडळाने एक सूचना केली होती : 'आजवर काय केलंत आणि सध्या काय करता, ते थोडक्यात लिहा.' माझ्या बाबतीत हे थोडक्यात मावणारं नाही. मी लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, टर्नर होते, जमिनीची उंची मोजणाऱ्या सर्व्हे पार्टीत लेव्हल मशीन लावत उन्हातान्हात फिरले, मोजायची साधनं तपासणाऱ्या कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळेत बसले, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची मुद्रितं तपासली आणि आता कारखान्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मापं घ्यायला शिकवते. एका मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी माझा अर्ज वाचून विचारलं होतं, "तुमचं नक्की क्षेत्र कोणतं?" माझं क्षेत्र नववीतच ठरलं होतं, आपल्या प्रयोगशाळेत.

शास्त्राचे सर जाडी मोजायचं व्हर्नियर कॅलिपर हातात द्यायचे, पण मोजायची वस्तू द्यायचे नाहीत. "आधी साधन तपासा," एवढंच म्हणायचे. जबडे मिटवायचे, शून्यासमोर शून्य येतं का ते पाहायचं, आणि येत नसेल तर फरक वहीच्या पहिल्या ओळीत लिहायचा. हा फरक म्हणजे शून्य त्रुटी. ती धन असेल तर वाचनातून वजा करायची, ऋण असेल तर मिळवायची. सरकत्या पट्टीवर ९ मिलिमीटरचे १० भाग, म्हणजे एकेक भाग ०.९ मिलिमीटरचा. मुख्य पट्टीच्या भागाशी त्याचा फरक ०.१ मिलिमीटर, तेच लघुतम माप, म्हणजे या साधनाने घेता येणारं सगळ्यात लहान माप. प्येर व्हर्निये या फ्रेंच गणितज्ञाने ही युक्ती १६३१ मध्ये प्रसिद्ध केली. युक्ती सुंदर आहेच, पण माझ्या मनात घर केलं ते त्या पहिल्या ओळीने. साधन सदोष असलं तरी चालतं, दोष किती आहे ते माहीत हवं आणि ते लिहिलेलं हवं. हे सांगणारा विषय मला तोवर भेटला नव्हता.

मी मुळात सावकाश काम करणारी आणि कमी बोलणारी. गर्दीत मागे उभी राहते, पण एखादा आकडा पटला नाही तर तो पटेपर्यंत जागची हलत नाही. राग सहसा येत नाही. अंदाजाने लिहिलेला आकडा कुणी मोजलेला म्हणून पुढे केला, की मात्र येतो. हा स्वभाव घरात फारसा सोयीचा नसतो, कामावर मात्र त्याला जागा मिळत गेली.

लेथवर उभी राहिले तेव्हा शॉपमधले जुने कारागीर अजून सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलत. बोटाने जॉब, म्हणजे लेथवर चढवलेला तुकडा, चाचपून "अजून जरा कट घे" म्हणत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असत. त्यांच्याकडून मी हाताची जाण शिकले आणि तिच्या जोडीला मायक्रोमीटर धरला. त्याच्या स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने, फिरत्या नळीवर ५० रेघा, म्हणजे एक रेघ ०.०१ मिलिमीटर. नुकताच कापलेला जॉब गरम असतो. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला तर सुमारे ०.०११ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे एका रेघेहून किंचित जास्त. त्यामुळे गरम असताना बरोबर भरलेलं माप जॉब थंड झाल्यावर कमी भरतं. फिनिशिंगचा शेवटचा कट घेण्याआधी मी जॉब निवू द्यायचे. उत्पादनाच्या घाईत ते कुणाला आवडायचं नाही, पण माझे जॉब परत यायचे नाहीत.

सर्व्हेचं काम वेगळ्या जगातलं वाटतं, पण आत तेच आहे. लेव्हल मशीनच्या दुर्बिणीची रेषा अगदी आडवी असेलच असं नाही, किंचित वर किंवा खाली झुकलेली असू शकते. म्हणून मशीन दोन्ही स्टाफच्या, म्हणजे उभ्या धरलेल्या मोजपट्ट्यांच्या, मधोमध लावायचं. बॅकसाइट (उंची माहीत असलेल्या मागच्या बिंदूचं वाचन) आणि फोरसाइट (पुढच्या नव्या बिंदूचं वाचन) यांचं अंतर सारखं ठेवलं की झुकलेल्या रेषेची चूक दोन्ही वाचनांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. पहिल्यांदा हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. सदोष यंत्र, आणि त्याच्याकडून निर्दोष उत्तर! संध्याकाळी फिरून पुन्हा सुरुवातीच्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेवर, यायचं आणि उंची जुळते का पाहायचं. जो फरक उरतो तो क्लोजिंग एरर. तो मर्यादेत असेल तर वाटून टाकायचा, नाहीतर दिवसाचं सगळं काम पुन्हा. अनेकांना हा भाग कंटाळवाणा वाटायचा. मला तोच सगळ्यात प्रामाणिक वाटायचा, कारण तिथे कुणाच्या हुद्द्याला किंवा अनुभवाला सूट नसते.

मुद्रितशोधनाबद्दल थोडंच सांगते. तक्त्यातले आकडे डोळा वाचत नाही, आधीच ओळखीचे म्हणून सोडून देतो. म्हणून आम्ही दोघं बसायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दशांश चिन्हासकट, आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवायचं. पुस्तिकेत ०.०५ च्या जागी ०.५ छापलं गेलं तर यंत्राच्या दोन भागांमधली फट दहापट होते. आणि मूळ प्रत हेही एक साधनच आहे, तीही आधी तपासावी लागते.

कामाबाहेर मला एकच मोठा छंद आहे, रूपविकारी तारे. ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल या ताऱ्याचं तेज सुमारे २ दिवस २१ तासांच्या फेऱ्याने कमी होतं आणि पुन्हा वाढतं. हा काळ १७८३ मध्ये जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या मुलाने मांडला, आणि अल्गॉलभोवती फिरणारा एखादा मोठा पिंड त्याच्यासमोरून जात असावा अशी शक्यताही सुचवली. त्याच्याजवळ मुख्य साधन होतं ते डोळे आणि चिकाटी. शाळेतल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. तेज ठरलेल्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून आपण आजही तसाच अंदाज बांधू शकतो. इतर निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर मला कळलं, की माझा डोळा तांबडे तारे किंचित जास्त तेजस्वी पाहतो. ते मी वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलं आहे.

यावरून ग्रिनिचच्या वेधशाळेतली गोष्ट सांगायलाच हवी. १७९६ मध्ये राजज्योतिषी मॅस्कलिन यांनी आपला सहायक किनब्रूक याला कामावरून काढलं, कारण दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकल्याची त्याने टिपलेली वेळ मॅस्कलिनच्या वेळेपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिराची असायची. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की दोन कसलेल्या निरीक्षकांच्या वेळांतही असा ठरावीक फरक असतो. त्याला 'वैयक्तिक समीकरण' म्हणतात. किनब्रूकची मला मनापासून कणव येते. फरक मोजून वहीत लिहिला असता तर नोकरी टिकली असती आणि निरीक्षणंही वापरता आली असती. हाताखालच्या मुलांना कामावरून बोलण्याआधी मी त्यांना तोच जॉब वेगवेगळ्या वेळी मोजायला लावते. आकडे विखुरलेले येत असतील तर शिकवण्याची गरज असते, आणि एकाच बाजूला झुकत असतील तर मुलाला बोल लावण्यात अर्थ नसतो, झुकाव किती तो टिपून घ्यायचा असतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमच्या वर्गातर्फे प्रयोगशाळेला ८७ तुकड्यांचा स्लिप गेजचा संच देत आहोत. हे पोलादी ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटतात, आणि त्यांच्या बेरजेतून हवं ते माप तयार होतं. ४१.१२५ मिलिमीटर हवे असतील तर शेवटच्या अंकापासून सुरुवात करा : १.००५, मग १.१२, मग ९ आणि ३०. स्वीडनच्या योहान्सन यांची ही कल्पना आहे. पेटीवर २० अंश सेल्सिअस लिहिलेलं दिसेल. लांबीच्या मापांसाठी ते प्रमाण तापमान १९३१ मध्ये ठरलं.

विद्यार्थ्यांसाठी आणि प्रयोगशाळा सहायकांसाठी दोन विनंत्या. हाताच्या घामाने या ठोकळ्यांना गंज चढतो, म्हणून काम झाल्यावर ते स्वच्छ पुसून तेलाचा पातळ हात द्या आणि चिकटवलेले ठोकळे रात्रभर तसेच ठेवू नका. दुसरी विनंती : व्हर्नियर आणि मायक्रोमीटर याच संचावर वर्षातून एकदा तरी तपासा आणि निघालेला फरक वहीत तारखेसह लिहा. कोरी वही पेटीबरोबरच पाठवली आहे.