खाडा

दुपारी दोन ते चार आई झोपते. त्या दोन तासांत तिच्या घरात मला काही काम नसतं. गॅसची ज्योत पिवळट येत होती म्हणून सिलिंडर कधी लावला ते बघायला कालनिर्णयासमोर उभी राहिले. हे बघायची जागा आपल्याकडे एकच.

चौकोनांत होतं सगळं. 'गॅस लावला.' 'लाइट बिल भरलें.' 'बा. खा.' म्हणजे बाईंचा खाडा. एका संकष्टीखाली 'उपास मोडला, चुकून'. आणि मधेमधे, उजव्या कोपऱ्यात, नुसतं 'खा.'

पूर्वी हा 'खा.' दुधाचा असायचा. गवळी आला नाही की आई खाडा मांडायची आणि महिनाअखेर एकेका चौकोनावर बोट ठेवत रतिबाचा हिशेब करायची. अर्ध्या लिटरवरून पायरीवर उभं राहून पंधरा मिनिटं वाद. पण रतीब बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली. आता दूध कोपऱ्यावरच्या दुकानातून येतं, पिशवीचं. मग हा खाडा कुणाचा? मला वाटलं गोळी. बीपीची गोळी 'खा'! पाकीट काढून मोजलं. गोळ्या बरोबर होत्या.

'भरलें'वरचा अनुस्वार तिचा. ती १९६१ साली प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि पुढच्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'कांहीं'चं 'काही'. आईनं फळ्यावर नियम पाळले. वाण्याची यादी, पत्रं, कॅलेंडर इथं मात्र ते टिंब आजतागायत आहे. "फळा सरकारचा, भिंत माझी," म्हणते.

चौथीत ती माझ्या वर्गावर होती. वर्गात तिला 'बाई' म्हणायचं असं आदल्या रात्री बजावून ठेवलेलं. तरी जूनमध्येच एकदा तोंडातून "आई, पाणी पिऊन येऊ?" निघून गेलं. वर्ग फिदीफिदी हसला. तिनं वर न बघता विचारलं, "कोण आई?" मी इतकी चिडले की घरी आल्यावरही तिला बाईच म्हणत राहिले. बाई, भाकरी वाढा. बाई, माझी रिबीन कुठाय? तीही "त्या खुंटीवर बघ गं मुली" वगैरे बाईंच्या आवाजात उत्तरं देत होती. आधी कोण थांबलं ते आता आठवत नाही. मी नसणार.

त्याच वर्षी सहामाहीला निबंध आला, 'माझी आई'. सगळ्यांनी लिहिलं तेच मीही लिहिलं. माझी आई खूप प्रेमळ आहे, ती पहाटे उठते, मी आजारी पडले की रात्रभर उशाशी बसते. दहापैकी चार मार्क, आणि खाली तांबड्या शाईत 'ऐकीव लिहूं नये.' वर्गात सगळ्यात कमी. ज्यांच्या आयांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं त्यांना सात-सात.

आता पुण्यात दर शनिवारी मी लोकांना लिहायला शिकवते. पन्नाशीच्या पुढच्या बायका जास्त, दोन-तीन निवृत्त काका, एखादी कॉलेजची मुलगी. आठवणींचा लेख म्हटलं की निम्म्याहून जास्त जण आईवर लिहितात. त्या सगळ्या आया गेलेल्या असतात. फाटकं लुगडं, चुलीचा धूर, स्वतः उपाशी राहून लेकरांना घास. मी 'डोळे पाणावले' आणि 'मायेची ऊब' यांवर बंदी घातली आहे. जिवंत आईवर लिहून आणा म्हटलं की वर्ग शांत होतो. एक काका म्हणाले, "मॅडम, ती वाचेल ना." बरोबरच होतं त्यांचं. मी मात्र त्यांना तांबड्या पेनानं लिहून दिलं होतं, हे ऐकीव वाटतं. ऐकीव हा शब्द कुठून आला ते काही मी वर्गात सांगत नाही.

मी एकदा जिवंत आईवर लिहिलं. तीन वर्षांपूर्वी, एका दिवाळी अंकात. चार मार्कांचं लिहिलं, 'कोण आई?' लिहिलं, बाबा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती शिकवणीच्या मुलांच्या वह्या घेऊन बसली तेही लिहिलं. लोकांचे फोन आले, फार खरं लिहिलंत म्हणून. अंक मी सांगलीला पाठवला. तो आठ दिवसांनी परत आला, रजिस्टर पोस्टानं. आत चिठ्ठी नाही. माझ्या लेखात पेन्सिलीनं दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले, आणि वह्यांच्या वाक्याशेजारी समासात 'हें असें नव्हतें.'

कसं होतं ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. रोज रात्री नऊला जाणारा माझा फोन आधी एक दिवसाआड गेला, मग सुचेल तेव्हा. भांडण झालंय असं कुणी म्हणू शकलं नसतं. हवा, गुडघे, लोणच्याच्या कैऱ्या, सगळं बोलत होतो.

जुनी कॅलेंडरं ती टाकत नाही. गुंडाळी करून, रबर लावून, कपाटावर. स्टुलावर चढून काढली. २०१९चा ऑगस्ट उघडला तर चौकोनांत नुसते फूट. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती, ते. धोक्याची पातळी ४५. आकडे ती ओलांडून ५७च्या वर गेलेले आणि मग हळूहळू उतरलेले. आमच्या गल्लीत पाणी शिरलं नव्हतं, पण वीज नव्हती. त्या आठवड्यात मी दिवसातून दहादा फोन करायचे आणि ती म्हणायची, "चार्जिंग संपतंय, ठेव." त्या पानावर एकही 'खा.' नव्हता. २०२०, २०२१मध्येही नाही. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर एक, मग दोन, मग आठवड्याला तीन-तीन.

स्टुलावर उभ्या उभ्याच मी मोबाइलमधली कॉलची यादी उघडली आणि चालू महिना ताडून पाहिला. तीन तारीख, खाडा. चार, खाडा. सात, आठ, अकरा. सगळे जुळले. महिन्याखाली बेरीजही होती, छोट्या अक्षरात, बाजूला रेघ मारून. ११. गवळ्याचे पैसे कापता यायचे. इथं ती काय कापणार होती कोण जाणे.

फक्त एक जुळेना. सतरा तारीख.

"काय उचकटत्येस?" आई मागे उभी. पदरानं चष्मा पुसत.

"गॅसची तारीख बघत होते."

"नऊ तारखेला लावलाय. बर्नर पुसला नाही बाईंनी, म्हणून पिवळा दिसतोय." कपाटावरच्या सुटलेल्या गुंडाळ्यांकडे तिनं एकदा पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

मी गप्प बसायला हवं होतं. "सतरा तारखेला मी फोन केला होता. दोनदा. तू उचलला नाहीस."

तिनं साखर घातली. आलं किसलं. किसणी ताटलीवर दोनदा आपटली.

"गवळी दारापर्यंत येऊन परत गेला तर दूध मिळतं काय?"

"अगं पण आला होता ना तो!"

"मग पुन्हा यायचं होतं."

चहाला दूध नव्हतं. मी चपला घातल्या, पर्स घेतली. जिना उतरेपर्यंत वरून आवाज आला, "अर्धा लिटरच आण."