तीन चांदण्या दिसेपर्यंत: कॅम्प तवाँगामधील एक शब्बाथ

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटहून शुक्रवारी सकाळीच निघावे, कारण दुपार उलटली की 580 महामार्गावर ट्रेसीपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात आणि शब्बाथपूर्वी, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस सुरू होण्यापूर्वी, पोहोचणे अवघड होते. ओकडेलच्या पुढे 120 क्रमांकाच्या रस्त्यावर प्रीस्ट ग्रेडची चढण लागते. तेथील जुना रस्ता जवळचा असला तरी इतका उभा आहे, की उतरताना ब्रेक तापण्याचा धोका असतो. आम्ही जाता-येता वळणांचा नवा रस्ताच धरला. पेट्रोल ग्रोव्हलँडला भरून घ्यावे. त्यापुढे वाटेत 2013 च्या वणव्यात, म्हणजे अडीच लाख एकरांहून अधिक रान होरपळवणाऱ्या रिम फायरमध्ये, जळालेल्या झाडांचे सांगाडे दिसतात.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला, टुओलम्नी नदीच्या मधल्या शाखेकाठी असलेल्या या ज्यू शिबिराची परंपरा 1925 पासूनची आहे. मुलांच्या उन्हाळी सत्रांखेरीज तेथे कुटुंबासह राहण्याचे काही शनिवार-रविवारही असतात, आणि नऊ वर्षांच्या लेकीला पुढच्या वर्षी एकटीला पाठवावे का, हे पाहण्यासाठी आम्ही त्यातला एक निवडला होता.

अस्वलांची शिस्त मुले मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. टूथपेस्ट, साबण, ओठांचे मलमसुद्धा, म्हणजे ज्याला वास आहे ते सर्व, खाद्यच समजून लोखंडी पेटीत ठेवावे लागते. माझ्या जाकिटाच्या खिशात विसरलेला डिंकाचा लाडू लेकीला झोपताना सापडला आणि तिने मला तेवढ्यासाठी अंधारात परत पिटाळले. त्या पेटीची खीळ आत असते. पत्र्याच्या अरुंद फटीतून बोटे घालून ती दाबावी लागते, कारण तेवढ्या जागेत पंजा शिरत नाही. पायवाटेच्या कडेला तीन-तीन पानांचे पॉयझन ओक असते. त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते, म्हणून मुलांना पूर्ण लांबीची पँट घालावी, मग ती कितीही कुरकुरोत.

शनिवारी संध्याकाळी मात्र मी थबकलो. शब्बाथ सरतो तो आकाशात तीन तारे दिसल्यावर. शहरात आम्ही ती वेळ फोनवर पाहतो. येथे पाइनच्या शेंड्यांमधील आकाशाच्या चिंचोळ्या पट्टीकडे मुले माना वर करून पाहत होती, आणि सापडलेला एक तारा विमान निघाल्याने मोजणी पुन्हा सुरू झाली. तिसरा तारा दिसल्यावर वेणीसारखी वळलेली मेणबत्ती पेटली, मसाल्याची डबी हातोहात फिरली आणि ‘एलियाहू हन्नावी’ हे एलियाहू प्रेषिताचे गाणे सुरू झाले. ज्या एलियाहूच्या नावाने आम्ही बेने इस्राएल ज्यू कोकणात गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांचा मलिदा करतो, तोच हा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आमच्या शनवार तेली पूर्वजांपाशीही दिवस सरल्याची दुसरी कोणती खूण असणार?

शब्बाथला निरोप देण्याच्या या विधीसाठी जाड स्वेटर जवळ ठेवावा, कारण सूर्य मावळताच नदीकाठी गारठा पडतो. हेडलॅम्प लाल प्रकाशाचाही असावा. पांढऱ्या झोताने डोळे दिपतात आणि तारे पुन्हा दिसू लागेपर्यंत बराच वेळ जातो.